छत उघडं ठेवून

६ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. मनापासून द्यायचे होते, पण आज लिहिण्यापुरतेच आहेत.

फोनवर मी ओरडते म्हणून तू फोन उचलत नाहीस, तेव्हा लिहिते. कागद काही कानापासून लांब धरता येत नाही.

तुझं खोकं पोचलं. अण्णांच्या गाडीच्या उघडत्या छताची मोटर, दोन रबरी नळ्या आणि तेलाची बाटली. अण्णांनी ते मांडीवर घेऊन चाचपत चाचपत उघडलं आणि लगेच मिस्त्रींना बोलावणं धाडलं. काल ती बया छत मागे टाकून दिमाखात फाटकाबाहेर पडली. चार महिने तिचं छत बंद होऊन अडकलं होतं, आणि तेवढे चार महिने मला सुखाची झोप लागली. इंजिन ठीक, चाकं ठीक, पण छत उघडत नाही तर गाडी बाहेर काढायची नाही, हा अण्णांचाच हट्ट. मिरवायला मिळत नाही म्हणून रुसले असतील, रुसू देत, असं मी म्हटलं. तेवढ्यात तुझी माया उतू गेली.

पुन्हा एकदा सांगते. आपल्या वडिलांना नीट दिसत नाही. दाराशी टांगलेल्या माझ्या रेनकोटला त्यांनी परवा बसा म्हटलं. चहा कपाच्या बाहेर ओततात. विचारलं की मोतीबिंदू आहे, पिकला की काढू, एवढंच उत्तर. असा माणूस तीन लाख किलोमीटर पळून थकलेली गाडी घेऊन आता दर रविवारी सकाळी गावात जाणार म्हणतो आणि तू तिला नवे अवयव पुरवतोस. उद्या कुणी चाकाखाली आलं तर त्याच्या घरच्यांना मी काय तोंड दाखवू?

आणि गाडी तरी कसली? उजवी काच आपोआप दारात पडते, ती पकडीनं वर ओढावी लागते. सीटचं कातडं फाटून आतला काथ्या कपड्यांना चिकटतो. खाली तेल गळतं म्हणून माझी मोठी परात कायमची तिच्या पोटाखाली गेली. अण्णांनी जन्मभर दातांची डॉक्टरकी केली, किडका दात ठेवू नये म्हणून लोकांना दम भरला, आणि घरात मात्र हे.

लोभ आहे. तो किती दिवस टिकेल ते तुझ्या पुढच्या खोक्यावर आहे.

तुझी
ताई

१७ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आडवा पडलो की वार डोक्यावरून जातो, म्हणून साष्टांग.

तू छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतेस आणि घरी येऊन तेच काम चालू ठेवतेस. रेनकोटचं म्हणशील तर मीही त्याला बसा म्हटलं असतं, तो तुझ्याइतकाच ताठ उभा असतो.

आता चेष्टा पुरे. मला तुझा राग आला आहे. पाठदुखीनं अण्णांचा दवाखाना सुटला. आई गेली. बरोबरीचे लोक पांगले. त्या माणसाजवळ एक गाडी उरली आहे आणि तीही तुझ्या डोळ्यांत खुपते. वयोमानानं चष्म्याचा नंबर वाढतो, त्याला तू आंधळेपण म्हणतेस. मिस्त्री मला सांगत होते की इंजिन सुरू झाल्याबरोबर कुठला पट्टा सैल आहे ते अण्णा नुसतं ऐकून सांगतात. ज्याला एवढं कळतं त्याला रस्ता कळत नाही?

गाडी जुनी झाली की भंगारात घालायची, हे तुझं म्हणणं. मग माणूस जुना झाला की कुठे घालायचा, याचं उत्तर दे.

इथे नव्या इमारतीत लिफ्ट बसवायचं काम अडलंय. ते उरकलं की येतोच.

रागावलेला असलो तरी तुझाच,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, नेहमीइतकेच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. माणूस जुना झाला की तो माझ्याकडे असतो. त्याचं धुणं, त्याचं पथ्य, त्याचा खोकला, सगळं माझ्याकडे. तू येतोच म्हणतोस, तेही मीच त्यांना दर आठवड्याला सांगते.

आता ऐक. मी एक उद्योग केला. गाडीत काडेपेटीएवढी एक काळी डबी असते, तिला रिले म्हणतात. ती मेली की पेट्रोल इंजिनापर्यंत जात नाही. गेल्या वर्षी मिस्त्रींनी ती बदलली तेव्हा मी शेजारी कंदील धरून उभी होते. जुने भाग अण्णा टाकत नाहीत, काढलेल्या दातांसारखे दवाखान्याच्या ट्रेमध्ये मांडून ठेवतात. त्यातली मेलेली डबी मी गाडीत बसवली आणि चांगली डबी डाळीच्या डब्यात पुरली.

गाडी सुरू होईना. अण्णा बराच वेळ चावी फिरवत बसले, मग आत आले. मला वाटलं सुटले. पण मिस्त्रींनी पाहिलं, पेट्रोल चढत नाही, गाडी एवढी पळालेली, म्हणजे पंपच गेला. त्यांनी तुला फोन केला, तू लगोलग नवा पंप नव्या रिलेसकट पाठवलास, आणि आता ती बया नवरीसारखी एका हाकेत उठते. करायला गेले एक आणि झालं भलतंच. माझाच संताप मला आवरत नाही.

आणि ह्या थंडीतही छत मागेच. दात वाजतात, पण छत लावणार नाहीत. रेडिओही लावत नाहीत. खोकून खोकून छाती भरली म्हणून कानटोपी पुढे केली तर अंगावर धावून आले. एवढी मिजास कुणाला दाखवायची असते, देव जाणे.

खोकं आता पाठवशील तर ते मी फाटकातूनच परत करीन.

ताई

१५ फेब्रुवारी

ताई,

मायना लिहायचं मन होत नाही, समजून घे.

त्या पंपासाठी मी रजा टाकून तीन दुकानं पालथी घातली. आणि चोर घरातच होता. ती डबी थोडा वेळ चालून गाडी भर रस्त्यात बंद पडली असती आणि मागून ट्रक आला असता तर? तुला अण्णांचा जीव वाचवायचा होता ना?

मला एक खरं सांग. तुला गाडीचा राग नाही, माझा आहे. मी घर सोडलं आणि तू राहिलीस, तो राग तू त्या गाडीवर काढतेस. मी काही धाडू शकतो तर तेवढंच धाडतो. तेही परत करणार असशील तर कर.

अण्णांना यातलं काही कळवत नाही. त्यांना नमस्कार सांग.

धाकटा

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद राहू देत. गाडी शिंप्याच्या अंगावर गेली.

वळणावर जो फुटपाथवर मशीन मांडून बसतो, रविवारीही बसतो, तो. रीळ गडगडत गेलं म्हणून उचलायला उठला, एवढ्यात गाडी वर चढली. मशीन चेपलं, स्टूल चाकाखाली गेलं. त्याला खरचटलंही नाही.

मी धावत गेले तेव्हा अण्णा स्टिअरिंग धरून बसले होते. उतरत नव्हते. एकच विचारत होते, तो कुठे आहे, तो कुठे आहे. शिंपी त्यांच्यासमोर उभा होता. दोन हातांच्या अंतरावर. कपाळावरचा घामही मला दिसत होता. आणि अण्णा त्याच्याकडे तोंड करून लोकांना विचारत होते, तो जिवंत आहे का.

हा मोतीबिंदू नाही. हे मला घरात राहून कळलं नाही, तुला लांबून काय कळणार. मला इतका राग आलाय की कुणाचा ते ठरवता येत नाही. तुझा आहे, त्यांचा आहे, माझा तर आहेच.

फोन नको. खोकं नको. तू ये.

ताई

३ मार्च

चि. ताई आणि चि. धाकटा यांस,

दोघांना मिळून एकच आशीर्वाद. वाटून घ्या, आणि वाटताना भांडू नका.

ताई, हे पत्र पाकिटात तूच घालणार, तेव्हा आधी वाच. ओळी एकमेकींवर चढल्या असतील त्या सोस. शुद्धलेखन सुधारू नकोस.

मला दिसत नाही. मोतीबिंदू ही थाप होती. डोळ्यांमागची नस वाळली आहे आणि त्यावर उपाय नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगून झालं. दवाखाना त्यापायीच बंद केला. पाठ माझी अजून तुम्हा दोघांपेक्षा बरी आहे. कडेकडेनं उजेड कळतो, समोरचं काही कळत नाही.

गाडी मी कानांनी आणि नाकानं चालवत होतो. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. बेकरीचा वास आला की वेग कमी करायचा. पत्र्याच्या कारखान्याची ठोकठोक उजव्या कानावर आली की सरळ जायचं. शिंप्याचं मशीन ऐकू आलं की डावीकडे. छत लावलं की मला यातलं काहीच मिळत नाही, आणि कानटोपी घातली तरी तेच. परवा तो रीळ उचलायला उठला आणि मशीन थांबलं. तो उठला म्हणून वाचला, आणि तो उठला म्हणूनच मी त्याच्या जागेवर गेलो. हे त्याच्या घरी जाऊन त्याला सांगितलं. त्यानं मला मनसोक्त शिव्या दिल्या. त्यातली एकही जास्त नव्हती.

आता माझा राग ऐका. एकाला गाडी जगवायची होती, दुसरीला मारायची होती. होय ताई, डबी कुणी बदलली ते मला माहीत आहे. मेलेल्या डबीचा कोपरा तुटका होता, तो बोटाला लागला. गाडीचं दुखणं तुम्हा दोघांना तोंडपाठ. पण अण्णा, तुम्हाला नेमकं किती दिसतं, हे माझ्याजवळ बसून कुणी विचारलं नाही. ताईनं विचारलं ते कामावर निघताना, चपला घालता घालता, आवाज चढवून. अशा प्रश्नाला मोतीबिंदू हेच उत्तर मिळतं.

छत अडकलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. चला, सुटलो, गाडीनंच निकाल लावला. ताईला सगळं सांगायचं मनाशी ठरवलंही होतं. तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. म्हणाला, मोटर पाठवतो, आणि महिन्याभरात येतो, लहानपणी न्यायचात तसं छत उघडं ठेवून मला स्टेशनवर घ्यायला या.

मी रविवारी कुठे जातो हेही तुम्ही विचारलं नाहीत. ताईला वाटलं मिरवायला. मी घरून स्टेशनवर जात होतो आणि स्टेशनवरून घरी येत होतो. आधी रस्ता पाठ करायला गेलो. मग महिना उलटला, धाकट्या, तू आला नाहीस. पण तू सांगून येणारा नाहीस, म्हणून सकाळच्या आगगाडीच्या वेळेला जातच राहिलो. स्टेशनच्या फाटकाशी गाडी लावून बसायचो. माणसं बाहेर यायची, बोलत बोलत निघून जायची, शेवटी हमालही जायचे. मग घरी यायचो. ह्यात माझी चूक मोठी आहे आणि ती शिंप्याच्या जिवावर बेतली असती, हे मला कुणी समजावू नये.

गाडी आज मिस्त्री ओढून घेऊन गेले. परत आणायची नाही असं मीच सांगितलं. धाकट्या, तिचं कौतुक आता पत्रातून करू नकोस.

यायचं असेल तर भाड्याच्या गाडीनं ये. मी न्यायला येणार नाही. दाराशी आलास की बोल. गप्प उभा राहिलास तर तू आलास हे मला कळणार नाही.

दोघांवर माया आहे, आणि तेवढाच राग आहे.

अण्णा