खालच्या कुरणाचे फोटो

प्रिय आयझॅक,

हे पत्र तुझ्या फाटकापाशी, दुधाच्या बाटल्यांच्या खोक्यात ठेवून जातेय. औषधात भिजवलेल्या पेंढ्यावर बूट पुसूनसुद्धा आत यायची हिंमत होत नाही.

पलीकडच्या खोऱ्यात रोग सापडला म्हणून मारलेली जनावरं जाळतायत, त्याचा धूर सकाळपासून आपल्याकडे वळलाय. धुणं घरात वाळत घातलं तरी टॉवेलांना तो वास लागलाच. चर्चमधली प्रार्थना बंद, गुरांचा बाजार बंद, पायवाटांवर दोऱ्या बांधलेल्या. लाळ्या-खुरकुताच्या भीतीने कुणी कुणाच्या दारात जात नाही. आपला शेजारी जेसप दिवसभर गाईंची खुरं तपासतो आणि मी खिडकीत दिसले की ओरडतो, “अजून जिवंत आहोत, म्युरिएल.” हसतो खरा, पण बायकोला त्याने माहेरी पाठवून दिलंय.

मी इतकी वर्षं शेतं आणि दगडी बांध टिपत हिंडले, तेव्हा तू चिडवायचास, “मेंढ्यांना पावडर लावून उभ्या करू का?” या वेळी मात्र आपणहून म्हणालास, “खालच्या कुरणाचे फोटो काढून ठेव गं. पुढच्या वर्षी इथे काय असेल कुणास ठाऊक.” वाट बंद, म्हणून मी चर्चच्या मनोऱ्यावर चढले आणि लांबचं दाखवणारी मोठी लेन्स लावली. छान ऊन होतं. तुझ्या गाभण मेंढ्या उतारावर पसरल्या होत्या. तुझ्या आजोबांपासूनचा हा कळप. कुंपण नसलेल्या डोंगरावर आपली हद्द कुठे संपते, हे त्या आईमागून फिरत शिकतात. अशा मेंढ्या विकत आणता येत नाहीत, हे मला तूच सांगितलंयस.

फोटो धुऊन टांगले, तेव्हा दिसलं. एक मेंढी पुढचा पाय उचलून उभी होती. तिच्यामागे दोघी गुडघ्यांवर बसून चरत होत्या. शेवटच्या फोटोत तू होतास, चौथीला ओढत गोठ्याकडे नेणारा, आणि तुझी नजर थेट मनोऱ्याकडे. मी फोन केला तर म्हणालास, “चिखल फार झालाय, काटा रुतला असेल.” पाऊस कितीतरी दिवसांत नाही, आयझॅक. मी विचारलं, “चौघींनाही?” मग म्हणालास, “फोटो जाळून टाक. आणि नॅनला यातलं काही कळता कामा नये.” स्वतःच्या बायकोपासून लपवू पाहणारा तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

मी चूल पेटवली होती. फोटो हातात घेऊन तिच्यापुढे बसले. पण खिडकीतून जेसपच्या गाई दिसत होत्या. तुझ्या कळपात आणि त्यांच्यात फक्त एक बांध, आणि ओढ्याच्या खाली सगळं खोरं.

आज सकाळी मी जनावरांच्या डॉक्टरांना कळवलं. तुझं नाव सांगितलं. बांधाला लागून आहेत म्हणून जेसपच्या गाईही बहुतेक मारल्या जातील, हे माहीत असून सांगितलं. उद्या पांढऱ्या कपड्यांतली माणसं येतील. त्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितेय. फोन केला असता तर तुझा आवाज ऐकून मी पुन्हा गप्प बसले असते. नॅनला आजच सांग, तू स्वतः सांग. आणि बंदुकीच्या कपाटाची किल्ली तिच्या हातात दे. एवढं माझं ऐक. मग जन्मभर माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

तरीही तुझीच,
म्युरिएल