लव्हाळा कुणाच्या डब्यात

धुळे, ३ जुलै १९३८, रवि.
सकाळभर गच्चीवर. गुलाबाच्या चार कुंड्या, मोगऱ्याच्या दोन, सगळीकडे लव्हाळा. परवाच उपटला होता, आज पुन्हा बोटभर वर. मेल्याची गाठ खाली राहते, आपण नुसती पात ओढतो. कंबर धरली. हा सगळा सासऱ्यांच्या शेणखताचा प्रताप. चहा घेताना सौ.ला तसं बोललो. ती उठून आत गेली.

५ जुलै
सौ.चा अबोला. गेल्या महिन्यात नाना सोनगीरहून खताचं पोतं घेऊन आले, म्हणाले, "जावईबापू, बठ्ठं कुजेल शे, टाका बिनघोर." सगळं कुजलेलं आहे म्हणाले, म्हणून मी टाकलं. माझं काय चुकलं?

७ जुलै, गुरु.
सौ. बोलली. "त्याच कुंड्यांत तुम्ही पांझरा नदीची वाळूही घातली होती ना?" म्हटलं, वाळूत काय असणार, वाळूच. तिने गच्चीवर घासलेटचे दोन रिकामे डबे मांडले. दोन्हीत परसातली माती. एकात नानांचं खत, दुसऱ्यात माझी वाळू. "खतात उगवला तर मी तुमची माफी मागेन. वाळूत उगवला तर तुम्ही नानांची." बायको की मामलेदार! कबूल केलं. जिंकल्यात जमा.

१५ जुलै
सौ. माहेरी, भाच्याचं बारसं. पुढच्या शनिवारी नानांना घेऊन परत. दोन्ही डबे अजून कोरे. "पाणी विसरू नका. दोन्हींना."

१७ जुलै, रवि.
वाळूच्या डब्यात एक हिरवं टोक. पात ओळखीची. खताच्या डब्यात काही नाही.
आता आठवतंय, वाळू भरली ती काठच्या लव्हाळ्यातूनच. चाळायचा कंटाळा केला.
उपटला. कुणी पाहिलं नाही. शेजारच्या अक्का धुणं वाळत घालत होत्या, पण त्यांना काय कळतंय.

२० जुलै
तिथेच दोन. उपटले. कचेरीत लक्ष नाही, एकाच अर्जावर दोनदा शिक्का मारला. शरम वाटते. चाळिशी उलटली आणि गवत लपवतोय. नानांनी ते पोतं या वयात स्वतः पाठीवरून गच्चीवर चढवलं. मी बसा म्हणायचं सोडून गुलाब दाखवत राहिलो.

२३ जुलै, शनि.
आज चार. खताचा डबा अजून स्वच्छ. दोघं दुपारच्या मोटारीने येतील. हात डब्यापर्यंत गेला होता. मग डबाच उचलून खाली आणला, उंबऱ्याशी ठेवला. आत यायचं तर ओलांडूनच यावं लागेल. पाणीही घातलं.
नानांना काय म्हणायचं ते तीनदा घोकलं, तिन्ही वेळा वेगळंच झालं. सौ. आधी हसेल की आधी बोलेल, सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.
मोटार अजून नाही. तेवढ्यात पाचवा डोकं काढतोय. काढू दे.