अहो म्हटल्यावर चार जण वळले

अहो,

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले, आचाऱ्याची भांडी काल परत गेली, आणि आज सकाळी मी स्टूल ठेवून माळ्यावरून ती निळी बॅग खाली काढली. आपल्या मयूरची, कॉलेजातली, दोन्ही खांद्यांना अडकवायची. झटकली तर ओसरीवर वाळू सांडली. दोन वर्षं झाली तरी वाळू आहेच! आल्या आल्या सांगितलं होतं ना तुम्हाला, बॅग उलटी करून धुवा म्हणून? पण माझं ऐकाल तर ते तुम्ही कसले!

तर बातमी अशी की उद्या मी गोकर्णाला निघते आहे. एकटी. निघण्याआधी तुमच्याशी एक गोष्ट बोलायची राहिली आहे. ती तोंडानं बोलायला तुम्ही नाही, म्हणून हे पत्र.

या सगळ्या खुळाची सुरुवात तुमचीच, हे आधी कबूल करा. केळीच्या रोपांची चौकशी करायला म्हणून जळगावला गेलात आणि स्टेशनवर अजिंठ्याला निघालेलं एक गोरं जोडपं बघून आलात. दोघांच्या पाठीवर हे एवढं बिऱ्हाड, आणि दोघं आपल्याच वयाची! घरी येऊन चपला काढायच्या आधी म्हणालात, "अवं मंगला, हे लोक समुद्र ओलांडून आपले डोंगर पाह्याले येतात, अन् आपण अजून समुद्रच नाही पाह्यला व!"

मी म्हटलं, चला की मग. तुम्हाला वाटलं होतं मी नाही म्हणेन. खरं ना?

घरात काय सांगायचं, ते तुम्हीच शोधून काढलंत. गोकर्ण महाबळेश्वराचं दर्शन! देवाच्या नावाला कोण आडवं येणार? तुमच्या थोरल्या भावानं, आपल्या नानांनी, तर देवापुढे ठेवायला मळ्यातला नारळ दिला. रावेराहून कोकणच्या अंगाला नारळ घेऊन जाणारे आपणच पहिले असू. भुसावळला गाडीत बसताना बॅगेत तो नारळ, शेवेच्या दोन पिशव्या, कळण्याचं पीठ आणि तुमचे तीन पायजमे. कळण्याच्या भाकरी समुद्रावर कोण थापणार होतं, देव जाणे.

तुम्ही धर्मशाळा समजून जी जागा ठरवलीत तिथे एका खोलीत आठ जण, रेल्वेच्या डब्यासारखे एकावर एक पलंग! पोरं-पोरी सगळी विशी-पंचविशीतली. मी दारातच थांबले. तुम्ही मात्र शिडी चढून वरच्या पलंगावर, जसं काही तिकीटच काढलं होतं. तिसऱ्या दिवशी एका पोरीनं तुमच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली. तुम्ही रागावाल म्हणून मी घाबरले, आणि तुम्ही टाळ्या वाजवत बसलात.

कुडले किनाऱ्यावर जायची ती टेकडी आठवते? तांबडा खडक, डोक्यावर ऊन, पायात मयूरचे बूट. अर्ध्या चढावर मी खाली बसले आणि म्हटलं, घरी चला. तुम्ही माझी बॅग काढून छातीशी अडकवलीत, पाठीवर एक आणि पोटावर एक. वर पोचलो आणि समुद्र एकदम समोर आला. तुम्ही टोपी काढलीत आणि कितीतरी वेळ काहीच बोलला नाहीत. पस्तीस वर्षांच्या संसारात तुम्ही इतका वेळ गप्प बसलेले मी तेव्हाच पाहिले!

आता त्या संध्याकाळचं.

देवळाकडे जाणारा तो रस्ता. सुट्ट्यांचे दिवस, माणसांचा नुसता पूर. कुठे ढोल, कुठे शंखशिंपल्यांची दुकानं, आणि कानावर निम्मी मराठी. मी हत्तींची चित्रं असलेला तो ढगळ पायजमा घासाघीस करून घेतला, तुम्हाला दाखवायला वळले, तर तुम्ही गायब. फोन तुमचा चार्जिंगला, त्या आठ पलंगांच्या खोलीत. आणि त्या जागेचं नाव मला आठवेना.

"अहो!" मी ओरडले.

चार जण वळले! चौघेही कुणाचे ना कुणाचे नवरे. एकाच्या हातातला भेळेचा कागद तसाच हवेत. त्याच्या बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. मी पुन्हा ओरडले, "अहो, ऐकलं का!" तर आणखी दोघं वळले. त्यांत तुम्ही नाहीतच.

भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. आणि मग मी तुमचं नाव घेऊन हाक मारली.

बघा, आत्ता लिहितानाही पेन थांबलं. नाव घेणं मला काही नवीन नव्हतं. लग्नात घेतलं, डोहाळजेवणात घेतलं, हळदीकुंकवाला दरवर्षी नवा उखाणा रचून घेतलं. पण ते लोकांना ऐकवायला. नाव घेणं निराळं आणि नावानं हाक मारणं निराळं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, नवऱ्याला नावानं हाक मारली की त्याचं आयुष्य कमी होतं.

पहिल्याच हाकेला तुम्ही सापडलात. वीस पावलांवर, कुठे तर केळीवालीच्या टोपलीपाशी! केळी दिसली आणि रावेरचा माणूस पुढे गेला, असं होईल का? ती बाई कानडी, तुम्ही आपल्या बोलीत हातवारे करत तिला समजावत होतात. हातातली फणी तशीच धरून वळलात आणि म्हणालात, "ही बाई दिवसभर टोपली उन्हात ठेवू ऱ्हायली. सालं काळी पडतीन ना!" मग एकदम थांबलात. "मले हाक कोनं मारली व?"

"मीच," मी म्हटलं.

तुमचा चेहरा असा काही झाला! पंचविशीतलासुद्धा मी तसा पाहिला नव्हता. "अजून एक डाव मार," म्हणालात. मी मारली नाही. परत जाताना त्या चार नवऱ्यांचं सांगितलं तेव्हा पोट धरून हसलात आणि म्हणालात, "अहो म्हटलं त चार वळले. नाव घेतलं त मी एकलाच."

भुसावळला उतरल्यावरही तेच मागणं. "आता मार ना." मी म्हटलं, इथे? ओळखीचे लोक आहेत! घरी आल्यावर म्हटलं, नाना काय म्हणतील? वर्षभर मी टोलवत राहिले आणि तुम्ही हसत राहिलात.

मग तो दवाखाना. दुपारची वेळ, तुमचे डोळे मिटलेले. सिस्टर म्हणाल्या, "घरच्यांनी नावानं हाक मारा, कधी कधी ओळखतात." मयूर "पप्पा, पप्पा" म्हणाला. नाना पायथ्याशी उभे. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हटलं, "अहो."

तेवढंच. नानांची लाज होतीच. पण खरं सांगू? मला भीती वाटली. एकदा हाक मारली तर वर्षभरात हे असं झालं, दुसऱ्यांदा मारली तर उरलंसुरलंही जाईल. शिकलेली बाई मी, शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं, आणि तुमच्या उशाशी मी सासूबाईंच्या त्या एका वाक्याला घाबरले. तुम्ही एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी दिली नाही. हे मी वर्षभर कुणाला बोलले नव्हते.

परवा श्राद्धाला सासूबाईंचा आणि मामंजींचा फोटो शेजारी मांडला, तेव्हा मला सुचलं. अहो, सासूबाईंनी जन्मात मामंजींना नावानं हाक मारली नाही, तरी मामंजी पन्नाशीतच गेले! हे इतकं साधं गणित मला वर्षभर का सुटू नये? तुम्ही असतात तर पहिल्या दिवशी सोडवून, वर माझीच टर उडवली असती.

काल मळ्यात गेले. बागेत कुणी दिसलं नाही. केळीच्या दोन ओळींमध्ये उभी राहिले आणि ओरडले, "लीलाधर! ओ लीलाधर!"

बांधापलीकडून नाना उठले. ते तिथे पाणी धरत बसले होते, मला काय ठाऊक! माझा हात पदराकडे गेला, पण अर्ध्यातच थांबवला.

"कोनाले हाक मारू ऱ्हायली व मंगला?"

"माझ्या नवऱ्याला, नाना."

नाना खाली बसले, फावडं आडवं ठेवलं. मग हळूच म्हणाले, "मार, अजून मार. पहिल्या हाकेले त्यानं कधी ऐकलं? लहानपणी मले तीन मारा लागायच्या." आणि टोपीनं डोळे पुसू लागले.

मग मी तिसरीही मारली.

आता ऐका. परवा संध्याकाळी मी त्याच रस्त्यावर, त्या केळीवालीपाशी, हत्तींचा पायजमा घालून उभी राहणार आहे. मयूर म्हणतो, आई, या वयात एकटी कशाला? नानांनी नारळ दिला आहे, मयूरला काय विचारायचं! तिथे ढोलांच्या वर आवाज चढवून तुम्हाला नावानं हाक मारीन. या वेळी एकही जण वळणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मारीन, पोटभर मारीन. हा माझा शब्द.

आणि लीलाधर, परत आल्यावर बॅग धुणार नाही.

तुमचीच,
मंगला