पायाशी ठेवलेलं विरजण

॥ श्री ॥
आंजी (मोठी),
ता. ३ डिसेंबर १९५३

चि. सौ. नलूस तानाबाई आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुहं पत्र परवा पोचलं. कोणाले वाचू दिलं नाई. स्वतः वाचलं, ओळीखाली बोट ठेवून. जोडाक्षरापाशी थांबावं लागलं, पण शेवटाले पोचली. दोन बुकं शिकलेली बाई मी, त्यातलंही अर्धं चुलीत गेलं होतं. तू सुट्टीत येऊन पाटीवर गिरवून घेतलं म्हून आज नातीचं पत्र माह्या डोळ्यानं वाचून राह्यली. पुलगावच्या शाळेत तुह्या हाताखाली वर्गभर पोरी असतील, पण तुही पहिली विद्यार्थीन मी, हे तुमच्या मोठ्या बाईले सांगजो.

आता तुह्या दुखण्याचं. तू लिहिलं का सगळे उन्हात बसले तरी तुलेच थंडी वाजते, पाय बर्फावानी राह्यतात. केस फणीले येतात, तोंड सुजल्यावानी दिसते, आवाज घोगरा झाला, फळ्यापाशी उभ्या उभ्या डोळा लागते. नागपूरच्या दवाखान्यात रक्त काढलं, नाकाले चिमटा लावून नळीतून श्वास घ्यायले लावला, आन् डॉक्टर म्हणाले का रक्त चांगलं, गळ्यातली गाठही आपलं काम बरोबर करते, काही झालं नाई. तेव्हापासून विहीणबाई म्हणतात का कागदावर दुखणं नाई तर अंगातही नाई, हा आळस आहे, संक्रांत झाली का शाळा सोड.

हे वाचून मी रागावली नाई. रागावली ते तुह्या शेवटच्या ओळीवर. तू लिहिलं, आजी, आता मलाच वाटतं की मी आळशी आहे. काऊन वाटते? कापूस वेचायले येत होती तेव्हा माह्या आधी ओटी भरून शेताच्या मेरेवर कोण बसत होतं, मले वाकुल्या दावत? आळशी माणसाले आळसाचं वाईट वाटत नसते. तुह्या बाबारावकाकाले जन्मात वाटलं का? काल तुरीच्या शेंगा उकडल्या, तर सोलून दे म्हणते. पन्नाशी आली त्याची.

आपली कपिला व्याली. गोऱ्हा झाला, कपाळावर चांदवा आहे. घरात दूधच दूध आहे आन् खाणारी पुलगावले.

दवाखान्यातलं मले काही कळत नाई, मी आपली खाण्याचंच विचारते. नागपूरले गेली त्या दिवशी काय खाल्लं? घरून निघताना काय, गाडीत काय, कोणी वाढलं, सगळं लिहिजो. माणूस उपाशी फिरलं का मले इकडे घास जात नाई.

कळावे. माया मागून घ्यायची नसते, ती आहेच.
तुही आजी

* * *

पुलगाव,
ता. ९ डिसेंबर १९५३

ती. आजीच्या पायी नलूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुष्कळ दिवसांनी हसले. पहिल्या विद्यार्थिनीला एकच सूचना: ओळी वर चढत चालल्या आहेत, शेवटची तर छपराला टेकली आहे.

तुला ताटाची काळजी, म्हणून ताटाचंच लिहिते. डॉक्टरांनी आदल्या वेळी बजावलं होतं की रात्रीपासून पोटात काही नको, आणि सकाळी धावपळ न करता शांत यायचं. मी कबूल झाले होते. पण सासूबाईंना तू ओळखतेस. त्यांच्या उंबऱ्यातून आजवर कोणी कोरड्या तोंडाने बाहेर पडलं नाही. मांजर निघालं तरी त्या वाटी आणतील. मी निघाले तर तळहातावर दही-साखर आलीच. शकुनाला नाही कसं म्हणायचं? मग म्हणाल्या, नुसत्या दह्याने पित्त होईल, वर एक दशमी खा. एक म्हणजे एकटी, ती अशुभ, म्हणून दुसरी. त्यावर गूळ-शेंगदाणे. गाडी उशिरा पोचली, तेव्हा ह्यांच्यामागे स्टेशनपासून जवळजवळ पळतच दवाखाना गाठला.

तिथल्या माणसाने विचारलं, उपाशी आहात ना? मी हो म्हटलं. खरंच, आजी, माझ्या मनात खोटं नव्हतं. शकुनाचं खाणं आपण कधी खाण्यात धरतो का? धापा थांबायच्या आतच त्याने नाकाला चिमटा लावला.

हे लिहिताना हात थांबला. दशमी खाऊन, धावत जाऊन दिलेला श्वास डॉक्टरांना खरा कसा दिसेल? पण आता पुन्हा नागपूर काढलं तर घरात काय होईल? सासूबाईंना वाटेल, सून म्हणते माझ्याच हातचं खाऊन सगळं बिघडलं. त्यापेक्षा संक्रांतीला राजीनामा द्यावा आणि गप्प राहावं, इथवर मन आलं आहे. परवा तिसरीच्या मुलींनी पाढा म्हणता म्हणता माझ्या खांद्यावर आपली शाल टाकली. त्यांना सोडून जायचं म्हटलं की लिहवत नाही.

गोऱ्ह्याला माझ्या नावाने मूठभर सरकीची ढेप घाल. तुझा हात डोक्यावर राहू दे, एवढंच मागणं.
तुझी नलू

* * *

॥ श्री ॥
आंजी (मोठी),
ता. १३ डिसेंबर १९५३

सौ. मंदाबाई विहीणबाईंस तानाबाईचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

हे पत्र केशवरावांनी आपल्या आईसाहेबांले वाचून दाखवावं. नलूकडे देऊ नये. मास्तरीन आहे, वाचता वाचता माह्या चुका काढत बसेल आन् मुद्दा राहून जाईल.

विहीणबाई, पहिले तुमची तारीफ. लग्नात तुमच्या पंगतीले मी जेवली, ते वांग्याचं भरीत अजून जिभेवर आहे. माह्या गावात मी सगळ्याईले सांगते का आमच्या नलूची सासू बोलायले तिखट आहे, पण तिच्या दारातून कुत्रंही उपाशी जात नाई. तिखटाचं मी म्हणते, उपाशीचं गाव म्हणते.

आता मुद्दा. डॉक्टरानं पोरीले उपाशी बलावलं होतं. तुम्ही मायेनं दही-साखर दिली, वर दशम्या दिल्या. तुमच्या जागी मी असती तर धिरडंही घातलं असतं. यात कोणाचा गुन्हा नाई. पण पहा, आपण कापसाची गाडी काट्यावर घेतो तेव्हा पहिले गाडीवरची माणसं उतरवतो. माणसं वर बसून राह्यली तर काट्याले काय दोष द्यावा? नलूचं पुन्हा एकदा वजन करावं लागते, दशम्या उतरवून. होईल का नाई ते डॉक्टरालेच विचारावं, मी काही डॉक्टरीन नाई.

माही विनंती अशी का या वेळी केशवरावांनी नाई, तुम्ही सोबत जावं. तुम्ही घरी राह्यल्या तर उंबऱ्यावर वाटी येईलच, तुमचा हात मले माहीत आहे. पोरीचं तोंड कोरडं ठेवणं तुमच्याशिवाय कोणाले जमणार नाई, काऊन का ते बिघडवणंही तुमच्याशिवाय कोणाले जमलं नाई. रागावू नका, विहीण आहे, एवढा हक्क आहे.

डॉक्टर या वेळीही काही नाई म्हणाले, तर शाळेचं तुम्ही ठरवाल ते मी नलूच्या गळी उतरवीन. पण तपासाआधी ठरवू नका. माही नात आळशी नाई. मी शेतात पाह्यलं आहे तिले.

आमच्या कपिला गाईले गोऱ्हा झाला आहे. खरवस पाठवला असता, पण वाटेत टिकत नाई, पुढच्या वेताले खायले इकडेच या.

कळावे. राग आला तर आंजीले येऊन करजा, जेवू घालून परत पाठवीन.
तुमची विहीण
तानाबाई

* * *

पुलगाव,
ता. २८ डिसेंबर १९५३

ती. आजीच्या पायी नलूचे अनेक नमस्कार. वि. वि.

तू काय लिहिलंस ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही. ह्यांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा मी शाळेत होते. घरी आले तर सासूबाई पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या आणि तांदळात एकही खडा नव्हता. वर न बघता म्हणाल्या, तुही आजी लय शहाणी बाई आहे. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, बुधवारी नागपूरले जाऊ, मी येते.

डॉक्टरांनी दमून यायचं नाही सांगितलं होतं, म्हणून आदल्या दिवशीच निघालो आणि दवाखान्यामागच्या धर्मशाळेत उतरलो. निघताना सासूबाईंनी मला काही दिलं नाही. उंबऱ्यापाशी त्यांचा हात नुसता हवेत फिरला आणि पदराकडे परत गेला. पण पिशवीत झाकणाचं भांडं होतं. त्यात कोमट दुधाला विरजण लावून घेतलं होतं. म्हणाल्या, आज द्यायचं नाई तर नाई, पण शकुन सोबत तर चालेल. भांडं त्यांनी रात्रभर माझ्या गोधडीत पायांशी दडवून ठेवलं. थंडीत दही लागायला ऊब पाहिजे, आणि झोपलेल्या माणसाएवढी ऊब कशात असते?

सकाळी मला जाग आली तर त्या भांड्याचं झाकण उघडून बसलेल्या. भांडं तिरपं केलं. दूध होतं तसं, पाण्यासारखं हललं. दही लागलंच नव्हतं. आजी, त्यांनी भांडं बाजूला ठेवलं, गोधडीत हात घातला आणि माझे पाय धरून पाहिले. कितीतरी वेळ सोडले नाहीत. म्हणाल्या, माह्या हाताचं विरजण कधी फसलं नाई. मग आपली शाल काढून माझ्या पायांना गुंडाळली.

दवाखान्यात त्याच पुढे झाल्या. डॉक्टरांना सांगितलं की मागच्या वेळी ही उपाशी नव्हती, मी खाऊ घातलं होतं, वरून धावत आली होती, तुमचा काटा तेव्हा चुकला. डॉक्टर भले आहेत. रागावले नाहीत. हसून म्हणाले, चुकी माझीही, खोदून विचारायला हवं होतं. मला खाटेवर निजवलं, बराच वेळ नुसतं पडू दिलं, मग नळी लावली. सासूबाई दारात उभ्या होत्या, कोणी मला काही खायला देऊ नये म्हणून.

रक्त याही वेळी चांगलंच निघालं. पण श्वासाचा आकडा, जो खाल्ल्याने आणि धावल्याने वर चढतो, या वेळी पार खाली आला. डॉक्टर म्हणाले, रक्तात सगळीच दुखणी दिसत नाहीत. गळ्यातली गाठ सुस्त झाली आहे, म्हणून सगळं शरीरच मंदावलं आहे. बारीक गोळ्या दिल्या आहेत, हळूहळू वाढवायच्या. फरक पडायला दिवस लागतील, पण पडेल म्हणाले.

व्हरांड्यात आल्यावर सासूबाईंनी तेच भांडं काढलं, पुडीतली साखर घातली आणि माझा हात पुढे ओढला. मी म्हटलं, शकुन निघायच्या आधी देतात. त्या म्हणाल्या, आता घरीच निघून राह्यलो ना आपण? दही नव्हतं ते, आंबूस कोमट दूध होतं, बोटांतून गळत होतं. मी तळहात चाटूनपुसून घेतला.

आणि एक. पुलगावच्या फलाटावर ह्यांनी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या की दुखणं आहे, औषध आहे, आन् शाळा चालू राहील. मग पिशवी ह्यांच्या हातात दिली आणि पुढे चालू लागल्या.

माझी आठवण ठेवतेस ती तशीच ठेव. ओळी सरळ काढ.
तुझी नलू

* * *

॥ श्री ॥
आंजी (मोठी),
ता. ४ जानेवारी १९५४

चि. सौ. नलूस आजीचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र मी आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं, मग कपिलेले वाचून दाखवलं. ती कान हलवत होती, गोऱ्हा लाथा झाडत होता. बाबारावनं विचारलं का आई काऊन हसून राह्यली. मी म्हटलं, पुलगावले दही लागलं नाई म्हून. त्याले वाटते म्हातारी गेली कामातून.

गोळ्या रोज घेजो. बरं वाटलं म्हून सोडू नको, अन् लवकर बरं वाटलं नाई म्हून घाबरू नको. ओल्या लाकडाची चूल फुंकताना धूर पहिले येते, जाळ मागून. दमली तर दमली म्हून सांगजो, आता घरात ऐकणारं माणूस आहे.

डॉक्टर आपल्या मशीनवर पाहतील का तू बरी झाली का नाई. माहंही एक मशीन आहे. विहीणबाईंले सांगजो, दर थंडीत एकदा तुह्या पायाशी विरजण ठेवावं. उन्हाळ्यात नको, तेव्हा दगडाच्या पायाशीही दही लागते.

ओळी सरळ काढल्या आहेत, पट्टी ठेवून. पाहून घेजो.

कळावे. आशीर्वाद संपले तर पुन्हा मागवजो, इकडे पिकतात.
तुही आजी

* * *

पुलगाव,
ता. १९ डिसेंबर १९५४

सौ. तानाबाई विहीणबाईंस मंदाबाईचा नमस्कार. वि. वि.

मले लिहिता येत नाई. मी सांगून राह्यली, तुमची मास्तरीन लिहून राह्यली. आता तिची नोकरी पक्की झाली म्हून हुकूम मोठ्या आवाजात देते, घोगरा गेला.

काल थंडी चांगली पडली होती. मी तिले न सांगता विरजण तिच्या पायाशी ठेवलं. सकाळी भांडं तिरपं केलं, हललं नाई. उलटं केलं तरी सांडलं नाई. मी वाटीत काढून देवापुढे ठेवायले निघाली, तर शाळेची घाई म्हून हिनं मधूनच बोट घालून चाटलं. आता हे लिहितानाही हसून राह्यली, अक्षर वाकडं आलं तर दोष तिचा.

खरवस मागच्या वर्षी राह्यला होता. कपिला पुन्हा व्याली का?

कळावे. राग करायले नाई, जेवायले येऊन राह्यली.
तुमची विहीण
मंदाबाई