धाकट्याच्या शोधात

४ मार्च

चुकले. नंबर बरोबर होता, बस उलट्या दिशेची! शेवटी ड्रायव्हरनं हातानंच खुणावलं, उतरा. समोर नुसती गोदामं आणि वारा. परत यायला रस्ता ओलांडून उभं राहायचं, एवढंही सुचलं नाही.

धाकट्या भावाचा फोन गेल्या वर्षापासून बंद. आई अंथरुणावर – दार वाजलं की मान वळवते. त्याची बायको काहीच विचारत नाही, तेच जास्त लागतं. म्हणून शिवणाची कामं पुढं ढकलून या परक्या गावात आले. त्याच्या जुन्या रूम पार्टनरकडे उतरलेय. नवरा-बायको भली आहेत, पण घर एका खोलीचं. भिंतीकडे तोंड करून लिहितेय.

५ मार्च

रूम पार्टनर म्हणतो, धाकटा एक दिवस सामान उचलून निघून गेला. बसच्या शेवटच्या थांब्याकडे नव्या इमारती रंगवतोय, असं कानावर आलंय. थांब्याच्या पाटीचा फोटो त्यानं माझ्या मोबाईलवर दिला. इथली अक्षरं कुठं वाचता येतात मला! कापडावरची नक्षी जुळवावी तशी जुळवते. तोवर पाटी मागं गेलेली असते.

६ मार्च

पोचले एकदाची. दिसेल त्या इमारतीत शिरले, धाकट्याचा फोटो दाखवला. मुकादमानं धड बघितलाही नाही.

७ मार्च

काही नाही. पाय सुजलेत.

९ मार्च

तपासनीसानं बसमधून उतरवलं. चढताना मशीनला कार्ड लावलं होतं मी – दिवा लागलाच नाही, त्याला मी काय करू? आपल्याच भाषेत सांगत राहिले, भाऊ हरवलाय हो माझा. सगळी बस खिडकीबाहेर बघत होती.

थांब्यावर बसून रडले. तेवढ्यात आईचा फोन. भेटला का गं? म्हटलं, पत्ता लागलाय. जेवलीस का? हो म्हटलं. दोन्ही खोटं.

रूम पार्टनरच्या बायकोनं हळूच विचारलं, परतीचं तिकीट कधीचं. तिचं तरी काय चुकलं? बारा तारखेचं.

१० मार्च

पोलिसांकडे गेलो. रूम पार्टनर मध्ये बोलायला. त्यांचं म्हणणं, मोठा माणूस आपणहून निघून गेला असेल तर आम्ही काय शोधणार. हे मला सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी म्हटलं, आमचा धाकटा तसला नाही.

११ मार्च

सापडला. बसमध्येच. मागच्या दाराशी उभा, कडेवर दोनेक वर्षांची पोर. जिवणी थेट आमच्या आईची. पोर त्याच्या गालाला हात लावून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. अर्थ विचारावा लागला नाही.

मला बघून त्याचा चेहराच उतरला. मग जवळ आला.

"ताई, घरी सांग, सापडला नाही."

थांबा आला, तो उतरला. दार बराच वेळ उघडं होतं.

मी उतरले नाही.