वीस पेशी, पाच पेशी

सांगली
दि. १६ जानेवारी २०२५

शालू,

नमस्कार. तुझ्या नावाआधी काय लिहावं ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. अंकिताला माहेरी धाडायचं साताऱ्यात हंबीररावच्या घरी चाललं होतं, म्हणून इतक्या वर्षांनी तुला लिहावं लागतं आहे.

अंकिता ही यशराजची बायको. यशराज हंबीररावचा, दुसऱ्या बायकोपासूनचा. अंकिताचे तीन गर्भ गेले. मी दोघांचं रक्त तपासायला लावलं. हंबीरराव फोनवर म्हणाला, "आक्का, पोराचं कशाला? पोरगं घोड्यागत हाय." मी म्हटलं, "घोड्याचंही तपासतात."

आता गुणसूत्रं रंगवून पडद्यावर पाहतात. यशराजचं चौथं लाल होतं, अकरावं हिरवं. लालच्या टोकाला हिरवा ठिपका, हिरव्याच्या टोकाला लाल. दोन तुकड्यांची अदलाबदल. माणूस धडधाकट राहतो, पुष्कळ गर्भ टिकत नाहीत.

मी प्रयोगशाळेत होते तेव्हा रंग नव्हते, काळे-पांढरे पट्टे होते. फोटो काढायचा, कात्रीनं एकेक गुणसूत्र कापायचं, जोड्या लावून चिकटवायचं. तुझेही गर्भ टिकेनात तेव्हा तुझा आणि हंबीररावचा नमुना माझ्याच टेबलावर आला होता. दोघांच्याही अहवालात मी 'दोष नाही' लिहिलं. पट्टे पुसट होते, असं आजवर स्वतःला सांगत आले.

पुसट नव्हते.

नियमाप्रमाणे तुझ्या वीस पेशी पाहिल्या. काही सापडेना म्हणून आणखी वीस. हंबीररावच्या पाच. पाचही पेशींत अकराव्याचं टोक वेगळं होतं. सहावी पाहायची नाही असं मी ठरवलं. तो माझा भाऊ होता.

तू बाहेर जिन्यात उभी होतीस. "वन्सं, माझंच कायतरी वंगाळ निघालं न्हवं?"

"काही निघालं नाही," मी म्हणाले.

घरी आईनं निकाल लावला. "पोरात खोट न्हाई. मग हिच्यातच." मी जेवत होते, जेवत राहिले. महिन्याभरात तुला पलूसला माहेरी पोचवलं. एसटीत तुझ्या शेजारी मीच बसले होते.

दुसरीचेही दोन गर्भ गेले. मग यशराज झाला आणि कुणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

माफी मागत नाही. दोष तुझा नव्हता, एवढं माझ्या अक्षरात तुझ्याजवळ असावं.

प्रियदर्शनी
(तुझी तेव्हाची नणंद)

सोबत: हंबीररावच्या पाच पेशींचे मूळ फोटो. यशराजचा रंगीत अहवाल, त्यानेच तुझ्यासाठी दिलेला. घडलेलं सारं लिहून सही केलेलं माझं निवेदन, एक प्रत.

दुसरी प्रत अंकिताला दिली. तिने दोनदा वाचून पोहोच दिली. ती साताऱ्यातच आहे.

तिसरी हंबीररावला, सोमवारी, हाती दिली. त्याने उभ्यानेच वाचली. पोहोच दिली नाही.