न फाडलेलं कार्ड

॥ श्री ॥
मैलापूर, मद्रास
३ जानेवारी १९५५

चि. सौ. कनकास चंद्रमौळीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझी लेक भवानी सुखरूप पोचली. प्रदर्शनात तंजावरच्या चित्रांच्या स्टॉलवर उभी राहते आणि गिऱ्हाइकांना माझ्यापेक्षा बरं शिकवते. माझ्या खोलीत पुस्तकं राहतात, मी पाहुणा; म्हणून तिची सोय तिरुवल्लिकेणीत तुळजाजींच्या लॉजवर केली. भला म्हातारा. विष्णुसहस्रनाम म्हणताना एक विसर्ग चुकला नाही. आणखी चौकशी काय करायची? खुशालीचं कार्ड तेच तुला घालणार आहेत.

माझ्या पुस्तकाला तू खुनांचं पुराण म्हणतेस, म्हण बापडी. तीस वर्षांपूर्वी इथे असंच भव्य प्रदर्शन भरलं होतं. त्या झगमगाटात एका लॉजवर उतरलेली पाच माणसं दागिन्यांसकट नाहीशी झाली. घरी फक्त कार्ड गेलं: पटकीने वारले, क्रियाकर्म उरकलं. वर ‘श्री’ नाही. आपल्या रीतीप्रमाणे घरोघरी ते अशुभ पत्र वाचून लगेच फाडलं, अंघोळी केल्या. कोर्टात अक्षर ताडायला चिठोरंही उरलं नाही. मॅनेजर सुटला आणि गायब झाला. त्या पाचांत वीणा घेऊन गेलेले आपले मानाजीकाका. सईबाईकाकूला काही आठवतं का, विचार.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.

तुझा अण्णा

॥ श्री ॥
तंजावर, ७ जानेवारी

ती. अण्णास कनकाचा साष्टांग नमस्कार.

तार मिळालीच असेल. तीत एवढंच मावलं: भवानीला आत्ताच्या आत्ता तिथून काढा. कारण आता लिहिते.

काकूने कार्ड फाडलंच नव्हतं. फाडलं तर खरं होईल, म्हणाली. त्याच हट्टाने ती तीस वर्षं कुंकू लावते आहे, आणि आपण हसायचो. देवघरातल्या तसबिरीमागून कार्ड काढून तिने माझ्या हातात दिलं, तेव्हा तुळजाजींचं खुशालीचं कार्ड तिथेच पाटावर होतं. दोन्ही शेजारी ठेवली. अय्यो अण्णा, अक्षर एकच! ओळीच्या शेवटी तीच विंचवाच्या नांगीसारखी वळलेली रेघ. काकूने बोट ठेवून विचारलं, हा अजून लिहितो?

पोरीच्या हातात माझ्या पाटल्या आहेत. मीच घालून पाठवलं. तुमचे विसर्ग राहू द्या, धावा.

लोभ नंतर मागेन, आधी पोर द्या.

कनका

॥ श्री ॥
मैलापूर, ९ जानेवारी

चि. सौ. कनकास आशीर्वाद. आधी वरचं ‘श्री’ बघ. दोनदा बघ. मग पुढे वाच.

भवानी समोर दहीभात खाते आहे. सगळ्यांदेखत स्टॉलवरून ओढून आणलं म्हणून माझ्याशी बोलत नाही. पाटल्या हातात आहेत. तार वाचली तसा बसची वाट न पाहता पळालो. पन्नाशीचा शास्त्री धोतर सावरत पळताना मद्रासने प्रथमच पाहिला असेल.

मग पोलिसांना घेऊन तिची पेटी आणायला लॉजवर गेलो. तुळजाजीने हसून पाणी पुढे केलं. मी प्यालो नाही. इन्स्पेक्टरने टेबलाचा खण उघडला. आत एक कार्ड, वर ‘श्री’ नाही. भवानी पटकीने वारली, क्रियाकर्म उरकलं. पत्ता तुझा. फक्त तारखेची जागा कोरी.

त्याला नेलं. जिना उतरताना तो सहस्रनाम म्हणत होता. एक विसर्ग चुकला नाही. त्या उच्चारांवर भुलून मी पोर त्याच्या हाती दिली, हे पुस्तकात लिहीन. तुझी क्षमा कशी मागावी, ते सुचत नाही.

कोर्टाला आता काकूचं कार्ड हवं आहे. ते देणं म्हणजे काका गेले हे तिने कबूल करणं. मागायची माझी छाती होत नाही. तू माग. आणि मागताना तिच्या कपाळाकडे बघू नको.

लोभ ठेववला तर ठेव.

अण्णा